राजधानीतले बिऱ्हाड : विवेकवर्धिनी आणि हैदराबादेतील परभणीकर

परभणी जिल्ह्यातला माणूस १९५६ पूर्वी हैदराबादेला निघाला, तर तो आपल्याच राजधानीला निघालेला असे. जमिनीचे अपील, वकिलीची परीक्षा, सरकारी नोकरी, वरचे शिक्षण, सगळ्या वाटा तिकडेच जात. मग त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला नकाशा बदलला आणि तेच शहर परराज्यात गेले. ज्यांनी तिथे घरे केली होती, ती माणसे जागची हललीही नव्हती.

विवेकवर्धिनी या आपल्या शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिताना ही गोष्ट सतत समोर येत राहिली. विवेकवर्धिनीच्या सभागृहातल्या सभा, गणपतीतली व्याख्याने, वाचनालयांतल्या बैठका, कोजागरी आणि तिळगुळाचे मेळावे हे सगळे राजधानीत आलेल्या मंडळींनी हौसेने आणि गरजेने उभे केले. पुढे परमुलखात पडलेल्या त्यांच्याच नातवंडांना त्याने सांभाळले. शाळा-महाविद्यालयांचा आणि पदाधिकाऱ्यांचा वृत्तान्त या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. इथे लिहायचे आहे ते मराठी माणसांच्या एकत्र येण्याविषयी, आणि त्यातही परभणी जिल्ह्याच्या वाट्याविषयी. तो वाटा मोठा आहे आणि आजवर त्याची नोंद नीट झालेली नाही.

पायाभरणी : १९१० पर्यंत

परभणी जिल्ह्याचा हा धागा सुरू होतो पुरजळ या गावापासून. केशवराव कोरटकरांचा जन्म १८६७ साली तिथला. पुरजळ तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आता ते हिंगोलीत आहे. घरची परिस्थिती बेताची. केशवराव गुलबर्ग्यात वाढले, वकील झाले आणि मग हैदराबादेला आले. आर्य समाजाचे ते मोठे आधार होते आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही झाले. त्यांच्या घराचा दरवाजा जिल्ह्यातून आलेल्या माणसाला बंद नसे, असे जुनी मंडळी सांगत. कोर्टाच्या कामाला आलेला शेतकरी असो की शिकायला आलेला पोरगा, पहिला मुक्काम कुणा गाववाल्याकडेच, हा त्या काळचा रिवाज होता.

१९०० च्या सुमारास मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेड, निजामाबाद करत सिकंदराबादेला जाणारा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग सुरू झाला, आणि बैलगाडीने कित्येक दिवस खाणारा प्रवास एका रात्रीवर आला. १९१६ मध्ये काचीगुड्याचे देखणे स्थानक उभे राहिले. त्याच्याच आसपास काचीगुडा, कुतबीगुडा, बडीचावडी, हनुमान टेकडी, इसामिया बाजार या वस्त्यांत मराठी बिऱ्हाडे दाटत गेली. त्याआधीची जुनी वस्ती शालीबंड्याची. तिथे १८९५ मध्ये भारत गुणवर्धक संस्था हे वाचनालय निघाले. शहरात सार्वजनिक गणेशोत्सवही त्याच वर्षी सुरू झाला.

संस्था नेमक्या सुलतान बाजार भागात का वाढल्या, याचे कारण सांगायला हवे. हा भाग तेव्हा रेझिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई आणि तिथे अंमल ब्रिटिश रेझिडेंटचा चाले. निजामी फर्मानांचा काच तिथे जरा सैल होता. सभा भरवता येई, ग्रंथालय काढता येई. आर्य समाज १८९२ मध्ये इथेच आला आणि तेलुगु बांधवांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्ये याच परिसरात निघाले.

या वातावरणात १९०७ साली विवेकवर्धिनी पाठशाला स्थापन झाली. न्यायालय, कचेरी आणि शाळा, सगळीकडे उर्दूचा अंमल होता. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला मराठीत शिकता यावे, एवढीच साधी मागणी होती. पण ती करण्याची सोय नव्हती. म्हणून स्वतःच शाळा काढायची ठरली. कोरटकर, वामनराव नाईक आणि त्यांच्याबरोबर उभे राहिलेले कितीतरी वकील, सावकार, कारकून, शिक्षक यांनी हे काम अंगावर घेतले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर त्या वेळी हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांची ख्याती पुढे देशभर झाली, पण विवेकवर्धिनीच्या पहिल्या दिवसांत ते शाळेसाठी राबणारे एक कार्यकर्ते होते. सरकारची वक्रदृष्टी वळल्यावर त्यांना शहर सोडावे लागले.

शाळा जेमतेम रांगू लागली होती तोच २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे गेली, शहराचा मोठा भाग उघड्यावर पडला. अशा आपत्तीत वर्षभराची शाळा बंद पडली असती तर कुणी दोष दिला नसता. ती बंद पडली नाही, याचे श्रेय कुणा एकाला देता येत नाही. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या त्या अनाम मंडळींचे हे काम.

१९११ ते १९२० : शिकायला आलेली मुले

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्यातल्या मुलांचा ओघ वाढला. शिक्षण उर्दूत, परंतु मराठीचा विभागही तिथे होता. सेलू, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, वसमत, हिंगोली या भागांतून मुले येत. बहुतेकांच्या खिशात पहिल्या महिन्यापुरतेच पैसे असत. मग वार लावून जेवायचे : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांनी हे वार पोसले त्या घरांतल्या बायकांची नावे कुठल्याच अहवालात नाहीत. संस्थेच्या उपकारकर्त्यांची यादी करायची झाली तर ती त्यांच्यापासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९२० मध्ये लक्ष्मणराव फाटकांचे ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक हैदराबादेतून निघू लागले. व्याख्यान कुठे, कीर्तन कुणाचे, हे गावाकडच्या माणसाला त्यातून समजे.

१९२१ ते १९३० : सभागृह गजबजले

संस्थेच्या इतिहासातले हे सर्वांत भरगच्च दशक. नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली संस्थानातली सामाजिक परिषद विवेकवर्धिनीत भरली. महिला विद्यापीठ काढून पाच वर्षे झालेले कर्वे हैदराबादेत आले, ही मराठी वस्तीतल्या स्त्रियांच्या दृष्टीने केवढी मोठी घटना असेल! त्याच परिषदेत भाषणाच्या भाषेवरून थोडी गडबड झाली. तपशिलात शिरण्याचे आज कारण नाही. मात्र त्यातून तेलुगु बांधवांनी आंध्र जनसंघ स्थापन केला आणि माडपाटी हनुमंतराव यांच्यासारख्या थोर माणसाच्या हाती ते काम गेले. तेलुगु भाषेच्या एवढ्या मोठ्या चळवळीची ठिणगी आपल्या अंगणात पडली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. पुढे दोन्ही भाषांच्या मंडळींनी ग्रंथालये, शाळा आणि नंतर स्वातंत्र्याचा लढा खांद्याला खांदा लावून चालवला.

याच दशकात सभाबंदीचे हुकूम कडक झाले. खासगी शाळांवर निर्बंध आले. ‘गश्ती निशाण ५३’ या सभाबंदीच्या परिपत्रकाचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी कायम असे. सभा घ्यायची तर आधी परवानगी, आणि परवानगी मिळेलच याचा भरवसा नाही. अशा वेळी ग्रंथालयाचा वार्षिकोत्सव, शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातले मेळे, कीर्तन, हळदीकुंकू यांना निराळेच मोल आले. राजकारण बोलता येत नव्हते, पण माणसांना एकत्र बसता येत होते. एकमेकांची तोंडओळख होत होती, गावाकडची खबर कळत होती, कुणाच्या मुलाला खोली हवी आणि कुणाच्या मुलीला स्थळ, हेही तिथेच ठरत होते. महिन्या-पंधरा दिवसांनी नेमाने भेटण्याची सवय या काळात मुरली. संस्थेची खरी कमाई मला हीच वाटते. इमारत नंतरही बांधता येते, नेमाने भेटणारी माणसे सहजी जमत नाहीत.

१९३१ ते १९४० : साहित्य आणि सत्याग्रह

१९३१ चे मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. उर्दूच्या राजधानीत मराठीचा एवढा मोठा मेळा भरावा, याचा अभिमान पुढे कितीतरी वर्षे सांगितला जाई. दुसऱ्याच वर्षी, १९३२ मध्ये, केशवराव कोरटकर गेले. १९३३ मध्ये रेझिडेन्सी बाजार निजामाच्या अमलाखाली परत आला आणि तो सुलतान बाजार झाला. इतकी वर्षे मिळालेला आडोसा त्याबरोबर गेला. तरी मेळावे चालू राहिले.

या दशकातला परभणी जिल्ह्याचा एक विद्यार्थी सर्वांनी लक्षात ठेवावा. सातोना इथे १९१३ मध्ये जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी हैदराबादेत शिकले, १९३२ मध्ये मॅट्रिक झाले, आणि परिस्थितीपायी शिक्षण सोडून परभणीला बांधकाम खात्यात कारकून झाले. मराठी वाचक त्यांना बी. रघुनाथ या नावाने ओळखतो. मराठवाड्याच्या कथा-कादंबरीला आणि कवितेला त्यांनी स्वतःचा आवाज दिला. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करतानाच त्यांचे निधन झाले.

१९३७ मध्ये संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. राजधानीतल्या सभागृहांत तयार झालेले कार्यकर्ते आता जिल्ह्यात उतरले होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच हिवाळ्यात उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. वार लावून जेवणारी आपली मुलेही त्यांत होती. नेमस्तांनी काय करावे आणि तरुणांनी काय, यावर त्या काळात बरीच चर्चा झाली. शाळा चालली पाहिजे, यावर मात्र सर्वांचे एकमत राहिले.

१९४१ ते १९५० : कसोटीचे दिवस

उस्मानिया विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर यांचे घर म्हणजे या दशकातले मराठी विद्यार्थ्यांचे एक ठिकाण. त्यांचा भाचा नरहर कुरुंदकर. जन्म १९३२ चा, नांदापूरचा, म्हणजे जुन्या परभणी जिल्ह्यातलाच. वसमतला वाढलेला हा मुलगा मामाकडे राहून सिटी कॉलेजात शिकला. परीक्षेपेक्षा त्याचे लक्ष ग्रंथांत अधिक असे. कुरुंदकरांच्या विचारात उर्दू संस्कृतीची जी जवळची ओळख दिसते, संस्थानी राजकारणाची जी जाण दिसते, तिची मुळे हैदराबादच्या या वास्तव्यात आहेत. पुण्या-मुंबईत शिकलेल्या विचारवंतांपेक्षा ते वेगळे का, याचे निम्मे उत्तर इथे सापडते.

१९४७-४८ चे वर्ष रझाकारांच्या धाकाचे. परभणी जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे हद्द ओलांडून वाशीम, उमरखेडकडे आसऱ्याला गेली. राजधानीत राहिलेल्यांना गावाकडची पत्रे मिळेनात. संध्याकाळनंतर कुणी बाहेर पडत नसे, उत्सव घरच्या घरी उरकले जात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि हैदराबादेतल्या मराठी घरांनी मोकळा श्वास घेतला.

१९५१ ते १९६० : सरहद्द बदलली

१९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद विधानसभेचे पहिले सभापती झाले काशिनाथराव वैद्य. मराठी समाजाच्या सार्वजनिक जीवनातले हे ज्येष्ठ नाव त्या खुर्चीत बसलेले पाहणे हा सर्वांना आनंदाचा क्षण होता. परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जिल्ह्यांचे आमदार अधिवेशनाला येत, आणि त्यांच्यामुळे संध्याकाळच्या बैठकांना पुन्हा रंग चढला.

ते चार वर्षे टिकले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाचही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. मराठी जिल्हे मराठी राज्यात जावेत ही आपलीच मागणी होती, त्यासाठी आपल्याच माणसांनी कष्ट घेतले होते. ती मागणी पुरी झाल्याचा आनंद आणि आपण मागे राहिल्याची हुरहुर, दोन्ही एकाच वेळी मनात होती. नोकरदारांची वाटणी झाली. कुणी औरंगाबादला, कुणी मुंबईला गेले. ज्यांची घरे होती, दुकाने होती, वकिली जमली होती, ते राहिले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, आणि परभणीहून शिकायला येणाऱ्या मुलांचा पन्नास वर्षांचा ओघ आटला.

संस्थेपुढे हा सर्वांत मोठा प्रश्न होता. गावाहून नवा माणूस येत नसेल तर मेळावा कुणासाठी? त्या काळच्या कार्यकर्त्यांनी दिलेले उत्तर शहाणपणाचे होते. शिक्षणाचे दार सर्व भाषांच्या मुलांना उघडे ठेवायचे आणि उत्सव-व्याख्याने मराठीत चालवायची, असा मार्ग त्यांनी धरला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात विवेकवर्धिनीची महाविद्यालये वाढली, त्यांत तेलुगु, उर्दू, हिंदी घरांतली हजारो मुले शिकली.

१९६१ ते १९८० : आपले आणि परके

‘मुलकी’ हा शब्द या दोन दशकांत फार गाजला. निजामाच्या काळी परभणीचा माणूस मुलकी, म्हणजे संस्थानाचा रहिवासी, होता. पुणे, नागपूर, मद्रासहून आलेला तो गैरमुलकी. नोकरीसाठी मुलकी दाखला लागे आणि तो आपल्या मंडळींना हक्काने मिळे. १९६९ मध्ये तेलंगणात आंदोलन पेटले तेव्हा तोच शब्द परत आला, पण नकाशा बदललेला होता. ज्यांच्या आजोबांनी या शहरात शाळा काढली, त्यांची मुले आता आपण कुठले, असा विचार करू लागली. अशा दिवसांत महिन्याची बैठक चुकवू नये असे सर्वांना वाटे. हैदराबादच्या तेलुगु आणि उर्दू शेजाऱ्यांनी या काळात मराठी घरांना कधी परके मानले नाही, हेही इथे नोंदवतो.

राज्यपुनर्रचनेनंतर उभ्या राहिलेल्या मराठी साहित्य परिषदेने या काळात मोठे काम केले. ‘पंचधारा’ हे तिचे त्रैमासिक. मराठी, तेलुगु, कन्नड, उर्दू, हिंदी या भाषांतली देवाणघेवाण त्यातून होत राहिली. महाराष्ट्र मंडळ, मराठी ग्रंथसंग्रहालय आणि आपली संस्था यांचे कार्यकर्ते अनेकदा तेच असत. सकाळी एका संस्थेचा हिशेब आणि संध्याकाळी दुसरीच्या खुर्च्या मांडणे, अशी कामे करणाऱ्या या पिढीला सभासद ‘आपले मास्तर’, ‘आपले वकीलसाहेब’ एवढ्याच नावांनी ओळखत.

१९८१ ते २००० : गावही बदलले

१९८१ मध्ये जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडे गेले. १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाली. पुरजळ, नांदापूर, वसमत गेले. मूळ गाव कुठल्या जिल्ह्यात, हे मुलांना सांगताना आजोबांची पंचाईत होऊ लागली. १९९५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरले, अध्यक्ष नारायण सुर्वे. हैदराबादेतून मंडळी गेली ती साहित्यासाठी तर गेलीच, त्याहून अधिक आपल्या गावी एवढा सोहळा होतोय म्हणून गेली.

मात्र याच वीस वर्षांत मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडू लागले. घराघरांत इंग्रजी शाळेचा आग्रह वाढला. हे दुःख प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, कारण मराठीतून शिकवण्यासाठीच ही शाळा निघाली होती.

२००१ नंतर

ओघ पुन्हा सुरू झाला, पण निराळ्या वाटेने. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले आणि माधापूर, गच्चीबावली, कोंडापूर भागांत संगणकाच्या नोकऱ्यांसाठी परभणी, नांदेड, लातूरची तरुण मुले-मुली आली. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली. परभणीचे स्थानक आजही दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादच्या कारभाराखालीच आहे. राज्ये बदलली, रेल्वेने नाते सोडले नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, आणि एकाच घरात राहून आपल्या वडीलधाऱ्यांनी तिसरे राज्य पाहिले.

नव्या तरुणांना सुलतान बाजार लांब पडतो. त्यांचे गणपती, त्यांचे ढोलपथक, त्यांची संक्रांत पश्चिमेकडच्या वसाहतींत होते. जुन्या मंडळींचे मेळावे काचीगुडा-कोठी भागात होतात. दोन्हीकडे उत्साह आहे, ये-जा फार कमी आहे. कोजागरी एका वर्षी इकडे आणि एका वर्षी तिकडे करावी, ही सूचना मी या लेखातून कार्यकारिणीपुढे ठेवतो. जुन्या वस्तीत ज्येष्ठ आहेत, आठवणी आहेत, सभागृह आहे. नव्या वस्तीत लहान मुले आहेत, ज्यांना मराठी वाचायला शिकवायचे आहे. रविवारच्या मराठी वर्गाला शिक्षक लागतील, आणि ते जुन्या वस्तीतल्या निवृत्त शिक्षकांतूनच मिळतील.

शेवटी सभासदांना एक विनंती. जुन्या गणेशोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, वर्गणीच्या पावत्या, मुलकी दाखले, ‘निजाम विजय’चे अंक, आजीच्या वहीतला वारांचा हिशेब, यांपैकी काहीही आपल्या घरी असेल तर ते रद्दीत देऊ नका. संस्थेच्या ग्रंथालयात आणून द्या, किंवा त्याची प्रत करून घेऊ द्या. ज्यांनी वार लावून जेवलेल्या मुलांना जेवू घातले त्या माउल्यांची नावे ठाऊक असतील, तर तीही लिहून कळवा. पुढच्या स्मरणिकेत त्यांची यादी पहिल्या पानावर छापायची आहे.